पन्नासचा पाढा

शेफिल्डमध्ये, नदीकाठच्या जुन्या सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्याच्या माळ्यावर
मला एका घणाचा आवाज बनवायचाय.
घण भंगारात गेला. ध्वनिमुद्रण कुणी केलंच नव्हतं.
संग्रहालयानं मला एक फोटो दिलाय
आणि स्टॅनिफोर्थ नावाचे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ,
ज्यांचा उजवा कान त्या घणानंच नेला.

सुरुवात पांढऱ्या गोंगाटापासून:
सगळे एकदम बोलतात म्हणून कुणीच ऐकू येत नाही, तसा.
त्याच्या ढिगापुढे बारा फिल्टर,
आपापला एकच दाणा उचलणाऱ्या
बारा चिमण्या.

पायाला पन्नास घेतले, कारण ते खोलीत होतेच.
फ्रिज, ट्यूबलाइट, जिन्यातला मीटर
सगळे त्याच्यावरच गुणगुणतात.
इथली वीज आणि मिरजेची वीज
एवढ्या एका बाबतीत सख्ख्या बहिणी.

मग पाढा.
पन्नास एके पन्नास,
पन्नास दुणे शंभर,
त्रिक दीडशे, तिथे पंचम,
चोक दोनशे,
पंचे अडीचशे,
आणि रेझोनन्स केसभर वर नेला तर
न छेडलेला गंधार.

आत्या घोडीवर दोरा सरकवायची,
श्वास रोखून, नखाच्या टोकानं,
तारेला जवारी लागेपर्यंत.
म्हणायची, त्याला बोलवायचं नसतं गं,
वाटेतून आपण बाजूला व्हायचं.

सातव्यापाशी माझं आणि यंत्राचं भांडण झालं.
कीबोर्ड त्याला ओढून तीनशे छपन्नवर बसवतो,
जवळच्या काळ्या-पांढऱ्या घरात.
तिथे तो सेकंदाला सहा वेळा थरथरतो,
पाहुण्यांकडे झोप न आलेल्या मुलासारखा.
मी कीबोर्डची वायरच उपटली.
पन्नास साते साडेतीनशे.
धैवताच्या वर, कोमल निषादाच्या खाली,
कुठल्याच पट्टीत ज्याचं नाव नाही
तिथे तो गप्प झाला. म्हणजे, वाजू लागला.

गुरुवारी स्टॅनिफोर्थ जिना चढून आले.
ऐकायला त्यांनी कान नाही,
तळहात लावला स्पीकरला.
बराच वेळ.
"छान आहे," म्हणाले, "लग्न कुणाचंय?"

मी त्यांना पाढा समजावला.
"हो, पण पोरी, लोखंडाला पाढे येत नाहीत."

कोटाच्या खिशातून एक सळई काढली,
बुटाच्या नाडीला बांधलेली,
आणि माझ्या चहाच्या चमच्यानं तिला मारलं.

खरंच येत नव्हते.
सळईच्या बोलण्याप्रमाणे मी एकेकाला घरातून उठवलं:
दुसरा शंभर सोडून एकशे अडतीसवर गेला,
तिसरा थेट दोनशे सत्तरवर,
चौथा साडेचारशेला टेकतोय असं वाटलं,
टेकला नाही.
गंधार कुठे गेला, मी पाहिलं नाही.
वरून एक ठोका सोडला

आणि त्यांनी हात मागे घेतला,
भाजल्यासारखा.
तळव्याकडे पाहिलं. टोपी घातली.
जाताना सळई तिथेच राहिली, टेबलाच्या कडेला,
नाडी लोंबत.

काम झालं होतं. पैसेही त्याचेच मिळणार होते.

शनिवारी सकाळी फोन.
"ते लग्नाचं. पुसलं नाहीस ना?"
नव्हतं पुसलं.
स्पीकरसमोर फोन धरला, पाढा लावला,
पलीकडे त्यांचा डावा कान, आणि बहुधा
उकळायचं थांबलेली किटली.

"तो सगळ्यात खालचा," म्हणाले, "जाडा.
बाकीच्यांना मांडीवर घेऊन बसलेला. तो ठेव."

तीनशेच्या खालचं काहीच
त्यांच्या त्या जुन्या फोनमधून जात नाही.
पन्नास तिकडे पोचलेच नव्हते.

ठेवते, म्हणाले.